घारापुरीची एक दिवसाची जलयात्रा

पुण्याच्या एका स्नेह्यांनीं गेल्या मार्गशीर्षांत पत्र पाठवून विचारलें कीं, मुलांमाणसांना घेऊन एखाद्या बेटावर दिवसभर जावें, समुद्रकांठीं निवांत बसावें, बरोबर नेलेलें खावें आणि दिवेलागणीस मुंबईला परत यावें असा बेत आहे. तरी सहल सुखाची होण्यासाठीं काय काय करावें तें कळवा. उत्तर चार ओळींत देतां आलें असतें. पालवा बंदरावरून सकाळीं लाँच धरावी, तासाभरांत घारापुरीस उतरावें, सोमवारीं लेणीं बंद असतात म्हणून तो वार टाळावा, आणि शेवटची लाँच चुकवूं नये, इतकें लिहून भागलें असतें. परंतु लिहावयास बसलों आणि मनांत आलें कीं, आपण ज्याला सहलीचा बेत म्हणतों, तोच बेत या पाण्यावर जवळ जवळ पांचशें वर्षें माणसें करीत आलीं आहेत. आणि त्या बेतांचा इतिहास वाटतो तितका निवांत नाहीं.

केवळ मौजेखातर नावेंत बसावें ही चाल आपल्या पांढरपेशा घरांत तशी अलीकडचीच. दर्यावर पोट असणाऱ्या कोळ्यांना पाण्याची मौज सांगावयास नको, आणि भीतिहि सांगावयास नको. इतर लोक नावेंत बसत ते गांव गांठण्यासाठीं, मालासाठीं किंवा देवासाठीं. घारापुरीस आपल्या लोकांची रीघ लागे ती महाशिवरात्रीला, आणि अजूनहि लागते. त्या दिवशीं जाणारा मनुष्य लेणें पाहावयास जात नाहीं; तो शिवलिंगाच्या दर्शनास जातो. पाणी तेंच, अंतरहि तेंच; धक्क्यावर उतरणारा मनुष्य मात्र निराळा.

या बेटाशीं जोडल्या जाणाऱ्या नौकांचा जुन्यांतला जुना उल्लेख पाहावा तर तो ना मौजेचा, ना यात्रेचा. शके ५५६ (इ. स. ६३४) मधील ऐहोळे येथील शिलालेखांत चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यानें कोंकणच्या मौर्यांची पुरी नांवाची नगरी शेंकडों नौका घालून जिंकल्याचें वर्णन आहे, आणि रविकीर्ति कवीनें त्या नौकांना माजलेल्या हत्तींची उपमा दिली आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी असें कित्येक पंडित मानतात. कित्येक तिला जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे नेतात. वाद मिटलेला नाहीं. पण ज्या बेटाला पुढें हत्तीवरूनच नवें नांव पडावयाचें होतें त्याच्या वाट्याला हीच उपमा यावी, याची मला गंमत वाटते. अर्थात् ती पुराव्यांत धरूं नये.

तें नवें नांव पोर्तुगीजांनीं दिलें. १५३४ च्या अखेरीस गुजराथच्या बहादुरशहानें वसई आणि तिच्याबरोबर मुंबईचा हा सारा टापू त्यांच्या हवालीं केला. बेटाच्या दक्षिण बाजूस, जुन्या उतारूंच्या जागेजवळ, काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता. त्यावरून त्यांनीं बेटास एलिफंटा म्हटलें. पुढें गोव्याचा राजप्रतिनिधि झालेला जुआंव द कास्त्रो हा १५३८ च्या सुमारास येथें येऊन गेला व त्यानें लेण्याचें सविस्तर वर्णन लिहून ठेविलें. तो दर्यावर्दी, त्यामुळें त्याला प्रत्येक गोष्टीचें माप हवें असे. सहलीला आलेल्या मनुष्यानें मोजपट्टी बरोबर आणावी हें आपणांस विचित्र वाटेल. पण आज आपल्या हातीं जें आहे तें अशाच विचित्र माणसांमुळें आहे.

त्याच्या उलट दुसरा प्रकार. लेण्याच्या दारावर एक कोरलेला शिलालेख होता. तो कोणासच वाचतां येईना, तेव्हां तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला असें इतिहासकार दिओगो दो कूतो सांगतो. तेथेंहि तो कोणास वाचतां आला नाहीं, आणि पुढें त्याचा ठावठिकाणाहि राहिला नाहीं. सहलीहून परततांना आठवण म्हणून कांहीं तरी उचलून न्यावें ही मनुष्याची जुनी खोड. पण या एका आठवणीपायीं घारापुरीचें लेणें कोणीं कोरविलें याचें उत्तर आपण कायमचें गमावलें असावें. आज कलचुरी राजा कृष्णराज याचीं लहान तांब्याचीं नाणीं बेटावर सांपडलीं त्यावरून आणि मूर्तींच्या घडणीवरून विद्वान् लोक सहाव्या शतकाकडे बोट दाखवितात. नाण्यांवर भिस्त ठेवणें भाग पडतें, कारण दगड गेला. मूर्तींच्या नासधुशीचा दोष पोर्तुगीज सैनिकांवर ठेवण्याची परंपरा आहे, आणि तो बराचसा खराहि असावा. खांबांचे पाय मात्र पावसाळ्यांत आंत सांचणाऱ्या पाण्यानेंहि खाल्ले आहेत. पाण्याला कोणी शिव्या देत नाहीं, म्हणून हें येथें नमूद करून ठेवितों.

मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर घारापुरीची सहल हा शहरांतल्या गोऱ्या लोकांचा ठरलेला कार्यक्रम झाला. अरबस्तानच्या मोहिमेंतून एकटाच जिवंत राहिलेला कार्स्टन नीबूर १७६४ सालीं येथें आला. एका खेपेनें त्याचें समाधान झालें नाहीं. तो पुनः पुनः गेला, बसून चित्रें काढलीं, आणि इतकें मोठें काम अगोदरच्या प्रवाशांनीं नीट कां पाहिलें नाहीं याचें त्याला नवल वाटलें. १८१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या रोजनिशींत मारिया ग्रॅहॅम या बाईनें याच सहलीचें वर्णन केलें. विल्यम अर्स्किन यानें मुंबईच्या साहित्यमंडळापुढें १८१३ सालीं लेण्यावर निबंध वाचला. ही सारीं माणसें दिवसाचींच पाहुणीं. पण त्यांनीं दिवस कामीं लावला.

तो दिवस लावावयाचा म्हणजे काय, हें आजच्या प्रवाशाला कळणें कठीण. त्या काळीं शिडाची बंदरबोट असे. वारा पडला कीं वल्हीं मारावयाचीं, वारा उलटला कीं तिरपे फेरे घेत जावयाचें. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटीचा फरक बारा-पंधरा फुटांपर्यंत जातो, आणि घारापुरीच्या कांठाला तिवरांची झाडी व लांबवर पसरलेला चिखल. पाणी ओसरलें कीं नाव दूर उभी; मग खलाशाच्या खांद्यावर बसून किंवा गुडघाभर चिखल तुडवीत बेटावर जावयाचें. म्हणून सहलीचा बेत करणाऱ्यानें प्रथम पंचांग उघडावें हेंच खरें. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशेब असा कीं, तिथीचा आंकडा तिनानें गुणून चारांनीं भागावा, म्हणजे भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, द्वादशीला नवाच्या सुमारास. सकाळीं निघून पाण्याबरोबर पोंचावें, तर द्वादशी-त्रयोदशीसारखी तिथि बरी. ज्यांच्यापाशीं छापील कोष्टक नव्हतें त्यांच्यापाशीं हें गणित होतें, आणि गेटवेच्या लाँचवरचा तांडेल आजहि समुद्र याच घड्याळानें चालतो हें जाणून असतो. प्रवासी मात्र मनगटाकडे पाहतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका लोहाणा व्यापाऱ्यानें धक्क्याकडून लेण्यापर्यंत पायऱ्या बांधून दिल्या. उतरण्यासाठीं चिखलांत चौकोनी ठोकळे टाकून वाट झाली. पुढें वाफेच्या लाँच आल्या, आणि सहल एका तासावर आली. सोय झाली तसा पाहुणाहि बदलला. १८७५ च्या नोव्हेंबरांत युवराज एडवर्ड मुंबईस आला तेव्हां त्याच्या सन्मानार्थ या लेण्यांत मेजवानी झाली. दिव्यांच्या उजेडांत महेशमूर्तीचीं तीं सुमारें अठरा फूट उंचीचीं मुखें कशीं दिसलीं असतील तें पाहावयास मलाहि आवडलें असतें. पण चार द्वारांचें गर्भगृह आणि आंतलें लिंग शेजारीं असतां तेथें जेवणाचीं टेबलें मांडावींत, यांत यजमानांना कांहींच खटकलें नाहीं, हें मला खटकतें. पाहुण्यानें देवाला ओळखलें नाहीं हा त्याचा अपराध नव्हे. बेटावर कोणी राहतें आणि त्यांना हा देव आहे, एवढें ध्यानांत ठेवावयास मूर्तिशास्त्र लागत नाहीं.

आणि ज्यानें बेटाला नांव दिलें तो हत्ती? १८१४ सालीं त्याची मान तुटून पडली, मागाहून धडहि कोसळलें. १८६४ सालीं त्याचे तुकडे मुंबईस आणून राणीच्या बागेंत ठेविले, आणि १९१४ सालीं ते जोडून त्याला पुनः उभें केलें. आज तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. हत्तीच्या नांवाच्या बेटावर हत्ती नाहीं. परत न आणणारी अशी सहल त्याच्या एकट्याच्याच नशिबीं आली, असें लिहिलें असतें. पण तें खरें होणार नाहीं.

१७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. सणासाठीं कोंकणांत घरीं जाणारे चाकरमाने, गिरणीकामगार आणि कोळी यांचा तींत मोठा भरणा होता. त्या दिवसाची निवड पंचांगांतल्या सणानें केली, समुद्रानें नव्हे. आणि आषाढांतला समुद्र सण पाहत नाहीं. नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून दर्यांत जाऊं नये या कोळ्यांच्या रीतीला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनीं ही तारीख एकदां पाहावी. पण सारा दोष ऋतूवर टाकतां येत नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं, स्वच्छ हवेंत आणि शांत पाण्यांत, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान नौका आदळली व पंधरा माणसांचे प्राण गेले. त्यांतलीं बहुतेक माणसें माझ्या स्नेह्यांसारखाच बेत करून घरून निघालीं होतीं.

त्यानंतर लाँचवर जीवरक्षक जाकिटें घालण्याची सक्ति आली. तीं घालून बसणारा मनुष्य जरा हास्यास्पद दिसतो. दिसूं द्यावा.

निवांत बसावयाच्या किनाऱ्याविषयीं स्नेह्यांनीं विचारलें होतें, तें राहिलेंच. लाँच जेथें लागते तेथें किनारा म्हणावा असा नाहीं; लांब धक्का, त्यावरची खेळण्यातली वाटावी अशी आगगाडी, मग शंभरावर पायऱ्या आणि दुतर्फा दुकानें. बहुतेक पाहुणे एवढेंच बेट पाहतात. पण घारापुरीला शेतबंदर, मोरेबंदर आणि राजबंदर अशीं तीन गांवें आहेत. मोरेबंदरच्या बाजूस टेंकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, आणि राजबंदरच्या कांठीं सातवाहनकालीन नाणीं व भूमध्यसमुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत. म्हणजे लेणें कोरलें जाण्यापूर्वीं कित्येक शतकें येथें परदेशचीं गलबतें लागत होतीं. ज्याला समुद्रकांठीं बसून कांहीं विचार करावयाचा असेल त्यानें तेथें बसावें.

या गांवांतल्या लोकांना मात्र शेवटच्या लाँचनें परत जावयाचें नसतें. पाहुण्यांना बेटावर रात्रीं राहतां येत नाहीं. सायंकाळीं धक्का ओस पडतो आणि समोर मुंबईचे दिवे लागतात. ते दिवे घारापुरीच्या माणसांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिले. स्वतःच्या घरांत कांहीं तास यंत्रावर चालणारा उजेड, तोहि डिझेल असेल तर. १९८७ सालीं लेण्यांची गणना जागतिक वारशांत झाली, तरी गांवांत कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारींत, समुद्राच्या तळाशीं साडेसात किलोमीटर तार टाकून. पाहुण्यांना या अंधाराची खबरच नव्हती, कारण ते अंधार पडण्यापूर्वींच निघून जात.

स्नेह्यांना मीं अखेर लिहिलें: पावसाळा सोडून कधींहि जा, पहिल्या लाँचनें जा, दुकानांपाशीं न रेंगाळतां आधीं लेणें पाहा, कारण सकाळीं पूर्वेच्या अंगणांतून येणारा उजेड दुपारीं मिळत नाहीं, शिदोरी लेण्यापासून दूर, राजबंदरच्या कांठीं सोडा आणि उष्टें-खरकटें परत आणा, पोरांना जाकिटें घाला, रडलीं तरी.

माघांत त्यांचें उत्तर आलें. सहल चांगली झाली होती. फक्त धक्क्यावर उतरतांच धाकट्यानें हत्ती कोठें आहे म्हणून हट्ट धरला. त्यामुळें पुण्याची गाडी एक दिवस पुढें ढकलून सर्व मंडळी दुसऱ्या दिवशीं भायखळ्यास जाऊन आली.