हरवलेल्या पोपटाची ओळख

उडालेला पोपट सांपडला, तरी तो कोणाचा हें ठरविणें कठीण. पक्ष्यास खुणेचें कडें घालण्याची शास्त्रीय पद्धति डेन्मार्कमधील विबोर्गचे शिक्षक मॉर्टेन्सन यांनीं १८९९ सालीं रूढ केली. त्यांचीं आधींचीं जस्ताचीं कडीं जड ठरलीं होतीं. पुढें क्रमांक व पत्ता कोरलेलीं अ‍ॅल्युमिनियमचीं आलीं. पोपटाची चोंच असल्या मऊ धातूस कसची जुमानते! चेपलेलें कडें पायच जखमी करतें. पोलादी कडें टिकतें, पण तेंही तारेंत अडकण्याची भीति असते. यास्तव पशुवैद्य छातीच्या स्नायूंत तांदळाएवढी मायक्रोचिप बसवितात. २००८ सालीं जपानांतील नागारेयामा येथें हरवलेला एक राखी पोपट पोलिसांपुढें मौन राहिला. पशुवैद्याजवळ मात्र त्यानें आपलें नांव व घरचा पत्ता स्वमुखें सांगितला.