माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी का वाटते? ‘पायका’ काय आहे आणि रक्त का तपासायचं?

पहिल्या पावसात मातीचा वास सगळ्यांनाच आवडतो. पण काही जणांना तो वास आला की तोंडाला पाणी सुटतं. नुसता वास पुरत नाही, ती माती खावीशी वाटते. कुणाला खडू, कुणाला पाटीवरची पेन्सिल, कुणाला चुलीचा भाजका पोपडा, तर कुणाला डब्यातले कच्चे तांदूळ. फ्रीजमधल्या बर्फाचे तुकडे दिवसभर कडाकडा चावणारे तर जवळपास प्रत्येक ऑफिसात सापडतील.

आमच्या शाळेत एका मैत्रिणीच्या कंपासपेटीत पाटीवरच्या पेन्सिली असायच्या. आम्ही तेव्हा सातवीत होतो आणि पाटी सुटून पाच वर्षं झाली होती. तिला सगळे ‘पेन्सिलखाऊ’ म्हणून चिडवायचे. बाईंनी एकदा पेटी जप्त केली, घरी चिठ्ठी पाठवली. ओरडा भरपूर मिळाला. तिचं रक्त तपासावं, असं मात्र कुणाला सुचलं नाही.

या सवयीबाबत नेमकं हेच होतं. घरच्यांना ती वाईट खोड वाटते, गरोदर बाई असेल तर डोहाळे वाटतात आणि खाणाऱ्या व्यक्तीला लाज वाटते. त्यामुळे डॉक्टरांपर्यंत गोष्ट जातच नाही.

पायका म्हणजे नेमकं काय?

ज्यात पोषण नाही आणि जे अन्न म्हणून खाल्लं जात नाही, असं काहीतरी पुन्हा पुन्हा खाण्याला वैद्यकशास्त्रात ‘पायका’ म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतला. मॅगपाय नावाच्या पक्ष्याचं ते नाव. हा पक्षी दिसेल ते चोचीत घेतो, असा समज होता, त्यावरून ते या सवयीला चिकटलं.

एकदा गंमत म्हणून खडू चाटून पाहिला, तर तो पायका नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार ही सवय किमान १ महिना टिकलेली असावी लागते. शिवाय २ वर्षांपेक्षा लहान मुलांच्या बाबतीत हे निदान सहसा करत नाहीत, कारण त्या वयात प्रत्येक वस्तू तोंडात घालूनच बाळ जग ओळखत असतं. एखाद्या समाजात ती गोष्ट खाण्याची रीतच असेल, तर तेही वेगळं धरतात.

काय खाल्लं जातं त्यावरून याचे प्रकारही पाडले आहेत. माती खाणं, बर्फ खाणं, कच्चा स्टार्च म्हणजे कच्चे तांदूळ किंवा पीठ खाणं, केस खाणं. याशिवाय राख, कोळसा, खापर, भिंतीचा रंग, कागद, साबण, खोडरबर अशी यादी लांबत जाते. मशेरी किंवा तंबाखू मात्र यात येत नाही. ते निकोटिनचं व्यसन आहे, त्याचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

ही सवय दुर्मीळ नाही. गरोदर महिलांमध्ये पायकाचं प्रमाण किती, याचा जगभरातल्या अभ्यासांवरून २०१६ मध्ये अंदाज काढला गेला. तो सुमारे २८ टक्के होता. लहान मुलं, गतिमंद किंवा ऑटिझम असलेल्या व्यक्ती यांच्यातही ती जास्त दिसते.

डोहाळे की दुखणं?

गरोदरपणात माती खावीशी वाटणं आपल्याकडे इतकं ओळखीचं आहे की ते थेट महाकाव्यात पोहोचलं. कालिदासाच्या ‘रघुवंश’ काव्यात तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा गरोदर आहे. तिच्या तोंडाला मातीचा सुगंध येतो आणि दिलीप राजा तो पुन्हा पुन्हा हुंगतो, असं वर्णन आहे. होणारा मुलगा पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला आधीच मातीची ओढ लागली, असं त्याचं कारण कवीने दिलं आहे.

कवीचं ठीक आहे. पण वैद्यांचं मत वेगळं होतं. चरकसंहितेत पांडुरोगाचे, म्हणजे अंग पांढरंफटक पडण्याच्या आजाराचे, ५ प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रकार माती खाल्ल्यामुळे होणारा. म्हणजे माती आणि फिकट पडलेलं अंग यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीच लक्षात आला होता.

चरकाने माती हे कारण आणि पांडुरोग हा परिणाम मानला. आजचं वैद्यकशास्त्र म्हणतं की उलटंही घडतं. अंगातलं लोह कमी होतं आणि मग मातीची ओढ लागते.

लोह कमी झालं की बर्फ का आठवतो?

पायकाचा सगळ्यात पक्का संबंध सापडला आहे तो लोहाच्या कमतरतेशी. त्यातही बर्फ चावण्याची सवय आणि लोहाची कमतरता यांची जोडी डॉक्टरांना चांगली माहीत आहे. गंमत म्हणजे बर्फात लोह नसतंच. मग शरीर तोच का मागतं?

याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग केला. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असलेल्या लोकांना बर्फ चावायला दिल्यावर लक्ष लागण्याच्या चाचणीत त्यांची कामगिरी सुधारली. निरोगी लोकांमध्ये असा फरक पडला नाही. ॲनिमियात मेंदू थकलेला, सुस्त असतो. गार बर्फामुळे त्याला तेवढ्यापुरती तरतरी येत असावी, असा त्यांचा कयास आहे.

कारण काहीही असो, उपाय मात्र अनेकदा लागू पडतो. लोहाचा डोस सुरू झाल्यावर बर्फाची ओढ कित्येकदा काही दिवसांत किंवा दोनेक आठवड्यांत जाते. हिमोग्लोबिन पूर्ण भरून यायच्या आधीच!

मातीचं गणित थोडं जास्त किचकट आहे. माती पोटात गेली की तिथलं लोह आणि जस्त ती स्वतःला बांधून घेऊ शकते. मग जेवणातून आलेलं लोह रक्तात न जाता मातीसोबत बाहेर पडतं. खडूतही साधारण असंच होतं, कारण त्यातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं. म्हणजे लोह कमी म्हणून माती, माती खाल्ली म्हणून लोह आणखी कमी. ‘अंगात कॅल्शियम कमी असेल म्हणून खडू खातेय’ असं घरोघरी म्हटलं जातं. पण कॅल्शियमच्या गोळ्या आणून देण्याआधी लोह तपासणं जास्त महत्त्वाचं.

याच मातीतून वैद्यकशास्त्रातला एक मोठा शोध लागला. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणच्या शिराझ शहरात काम करत होते. तिथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो १० वर्षांच्या मुलाएवढा. वाढ खुंटलेली, प्रचंड ॲनिमिया, आहारात मुख्यतः पोळीसारखा ब्रेड, बटाटे आणि दूध. आणि तो रोज जवळपास अर्धा किलो माती खात होता. नुसत्या ॲनिमियामुळे एवढी वाढ खुंटेल हे प्रसाद यांना पटेना. शंका जस्तावर गेली. पुढे इजिप्तमध्ये अशाच खुंटलेल्या मुलांवर त्यांनी काम केलं आणि माणसाच्या वाढीसाठी जस्त लागतंच, हे १९६० च्या दशकात सिद्ध झालं. त्याआधी माणसात जस्ताची कमतरता होऊ शकते, हेच कुणी मानत नव्हतं. आज बाळाला जुलाब झाले की ओआरएससोबत जस्ताची गोळी दिली जाते. त्यामागे या शोधाचा वाटा आहे.

आपल्याकडे ही चर्चा महत्त्वाची का?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे आणि ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांमध्ये ६८.९ टक्के. यातल्या प्रत्येकाला माती खावीशी वाटते असं अजिबात नाही. पण ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी ती आजाराची आयती मिळालेली खूण आहे. आणि आपण ती हसण्यावारी नेतो किंवा लपवतो.

खाल्ल्याने होतं काय?

ते काय खाल्लं यावर अवलंबून आहे. बर्फाने दात झिजतात, तडकतात. कच्च्या तांदळाने दातांसोबत भूकही जाते, पोट भरलेलं वाटतं आणि खरं जेवण मागे पडतं.

मातीसोबत जंतांची अंडी येतात. जंतांनी पोषण खाल्लं की ॲनिमिया वाढतो, की पुन्हा माती. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतूनही मातीत जंत मिसळतात. जास्त माती पोटात गेली तर बद्धकोष्ठता होते आणि आतडी तुंबून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. मातीने शरीरातलं पोटॅशियम घटून स्नायूंतली ताकद गेल्याची उदाहरणंही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

सगळ्यात गंभीर धोका शिशाचा, कारण तो दिसत नाही. जुन्या घराच्या भिंतीवरचे रंगाचे पोपडे मुलं खातात. शिशाची चव गोडसर असते, त्यामुळे मूल पुन्हा तिकडे जातं. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंतच ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधी रंगवलेल्या भिंती, ग्रिल आणि पाळणे अजून घराघरांत आहेत. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक असल्याचा अंदाज आहे. शिशामुळे मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम बऱ्याचदा भरून येत नाही. आणि लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. म्हणजे ज्या मुलाला माती-पोपडे खावेसे वाटतात, त्यालाच त्याचा धोका जास्त.

केस खाण्याचा मामला वेगळाच आहे. केस पचत नाहीत. ते जठरात साठून त्यांचा गोळा होतो, कधी त्याचं शेपूट आतड्यात उतरतं. लांब केसांच्या राजकन्येच्या परीकथेवरून त्याला ‘रॅपुन्झेल सिंड्रोम’ म्हणतात. रुग्ण बहुतेक वेळा किशोरवयीन मुली असतात. पोटदुखी, उलट्या, वजन घटणं अशा तक्रारी असतात आणि गोळा बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. यात केस उपटण्याची सवयही असते, त्यामुळे मानसोपचाराशिवाय उपचार पुरे होत नाहीत.

भाजलेली माती, ‘खाण्याच्या’ पेन्सिली सुरक्षित आहेत का?

बाजारात भाजक्या मातीचे तुकडे मिळतात. ऑनलाइन पेन्सिली मागवून कॅमेऱ्यासमोर कुरकुर आवाज करत खाण्याचे व्हिडिओही भरपूर आहेत. भाजल्याने जंत मरतात हे खरं. पण शिसं आणि आर्सेनिक भाजून जात नाहीत. बांगलादेशी कुटुंबांमध्ये गरोदरपणात खाल्ली जाणारी ‘सिकोर’ नावाची भाजकी माती ब्रिटनमध्ये विकली जाते. तिच्यात शिसं आणि आर्सेनिक आढळल्यामुळे तिथल्या अन्न सुरक्षा यंत्रणेने ती खाऊ नका, असा इशारा दिला आहे. पाटीवरची पेन्सिल तर लिहिण्यासाठी बनते. तिच्यात काय आहे हे खाण्याच्या दृष्टीने तपासायची तसदी कोण घेणार?

डॉक्टरांना काय सांगायचं?

जे खाता ते नाव घेऊन सांगा. ‘मला रोज चार-पाच पेन्सिली लागतात’ किंवा ‘दिवसाला दोन ट्रे बर्फ संपतो’ एवढं पुरे. डॉक्टर स्वतःहून हे विचारतीलच असं नाही.

साधारणपणे रक्ताची सीबीसी तपासणी होते. तिच्यासोबत फेरिटिनबद्दल जरूर विचारा. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो आणि तो हिमोग्लोबिनच्या आधी रिकामा होतो. त्यामुळे ‘हिमोग्लोबिन १२ आहे, काही झालेलं नाही’ असं म्हणून विषय संपत नाही. माती खात असाल तर शौचाची तपासणी आणि रंगाचे पोपडे किंवा भाजकी माती पोटात गेली असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी लागू शकते. मोठ्या माणसांमध्ये लोह कमी का झालं, हेही शोधावं लागतं. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जठरातला व्रण अशी कारणं असतात. पुरुषांनी तर हा शोध टाळूच नये.

गरोदर महिलांना सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या १८० दिवसांसाठी मोफत मिळतात. त्या घेतल्यावर शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून अनेक जणी मधेच सोडतात. काळा रंग लोहाचाच असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. गोळीवर चहा घेऊ नका, कॅल्शियमची गोळीही सोबत नको. लिंबूपाण्यासोबत घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. आणि बर्फाची किंवा मातीची ओढ गेली म्हणून गोळ्या थांबवू नका, साठा भरायला काही महिने लागतात.

सगळ्यांचं रक्त तपासून दोष सापडतोच असंही नाही. कधी ती ताण हलका करायची सवय असते, कधी उपासमार, कधी ऑटिझमसोबत आलेली गोष्ट. तिथे समुपदेशन आणि वर्तनोपचार लागतात.

मुलाने खाल्लं तर मारू नका. मार बसला की मूल थांबत नाही, पलंगाखाली जाऊन खातं. पोपडे खरवडून भिंत नीट करून घ्या, पण ते काम चालू असताना मुलाला त्या खोलीत ठेवू नका, कारण धुळीतही शिसं असतं. जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास मिळते, ती चुकवू नका. मुलाने बटणासारखी बॅटरी किंवा लोहचुंबक गिळलं असेल, त्याला सतत उलट्या होत असतील, पोट फुगलं असेल किंवा झटका आला असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि गिळलेल्या वस्तूसारखी दुसरी घरात असेल तर ती सोबत घ्या.