क्रिस्तोफोरीची हातोडी

पियानो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बड्या घरचा दिवाणखाना उभा राहतो. माझ्यासारख्या शाळामास्तराचा या वाद्याशी परिचय कानांनी आणि पुस्तकांतून झालेला. परंतु त्याच्या जन्माची हकीकत वाचल्यापासून मला तो दिवाणखाना दिसत नाही. दिसतो एका कारागिराचा कारखाना.

बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा इटलीतल्या पादुआचा. जन्म १६५५ चा. १६८८ च्या सुमारास तो फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यातील राजपुत्र फर्दिनांदो याच्या चाकरीस लागला. काम वाद्ये घडवण्याचे आणि दुरुस्तीचे. त्या काळी दरबारात मान होता हार्प्सिकॉर्डला. त्याची पट्टी दाबली की पिसाच्या दांडीचा बारीक तुकडा तार छेडतो. आवाज गोड खरा. पण बोट अलगद ठेवा की आपटा, सूर तेवढाच! आपल्या पेटीला निदान भाता तरी आहे. इथे तीही सोय नाही. गाणारा गळा कुजबुजतो, गर्जतो; वाद्याने मात्र जन्मभर एकाच आवाजात बोलायचे.

क्रिस्तोफोरीने पिसाच्या जागी हातोडी आणली. ऐकायला सोपे वाटते. संतूरवादकही तारांवर काड्याच मारतो ना? पण त्याचे मनगट काडी चटकन उचलते. पट्टीने हलणाऱ्या हातोडीला मनगट कुठले? ती तारेला टेकून राहिली, तर सूर तिथेच गुदमरणार. म्हणून त्याने अशी योजना केली, की पट्टी हातोडीला वर उडवते आणि ती तारेपर्यंत पोचण्याआधी तिला सोडून देते. हातोडी आपल्याच वेगाने तारेवर आदळते आणि बोट पट्टीवर असतानाही मागे पडते. जसे बोट, तसा हातोडीचा वेग. जसा वेग, तसा आवाज. इटालियन भाषेत ‘पियानो’ म्हणजे हलके, ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. वाद्याचे नाव आले ते या दोन शब्दांवरून.

१७०० सालच्या दरबारी यादीत हे वाद्य नोंदलेले आहे. १७११ साली माफ्फेई नावाच्या विद्वानाने त्यावर लेख लिहिला. पण १७१३ साली फर्दिनांदो वारला, आणि खुद्द इटलीत या वाद्याचे फारसे कौतुक झाले नाही. माफ्फेईचा लेख मात्र जर्मन भाषेत गेला. तिथल्या जिल्बरमानने पियानो बनवले, तेव्हा थोर संगीतकार बाखने वरच्या सुरांचा अशक्तपणा आणि पट्ट्यांचा जडपणा यांवर बोट ठेवले. जिल्बरमानने सुधारणा केल्या. १७४७ साली पॉट्सडामला प्रशियाच्या फ्रेडरिक राजासमोर बाखने जिल्बरमानचेच पियानो वाजवले. तोवर क्रिस्तोफोरीला जाऊन पंधराएक वर्षे लोटली होती.

त्याचे तीन पियानो आज शिल्लक आहेत: न्यूयॉर्कला १७२० चा, रोमला १७२२ चा आणि लाइप्झिगला १७२६ चा. पुढे वाद्याला लोखंडी चौकट आली, पट्ट्या ८८ झाल्या. मेदिचींची सत्ता तर १७३७ सालीच संपली. वर्गात आम्ही मुलांकडून घोकून घेतो ती राजघराण्यांची नावे. त्यांच्या पदरी राबणाऱ्याचे एखादे नावही त्यांत घालावे, असे मला वाटते. कारण तारेला स्पर्श करून वेळीच दूर होणारी ती हातोडी अजून चालते आहे.