मुळ्याचा रस कोर्टात पोहोचला तेव्हा... कोरियातल्या मुलांवर परीक्षेचं एवढं दडपण का?

नोव्हेंबरमधला एक गुरुवार. दक्षिण कोरियात सुमारे ३५ मिनिटं एकही विमान उडत नाही की उतरत नाही. शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो. धावपळीत मागे राहिलेल्या मुलांना पोलीस गाडीत घालून केंद्रावर सोडतात. कारण त्या दिवशी 'सुनुंग' असते, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. विमानं थांबतात ती इंग्रजी ऐकून उत्तरं देताना मुलांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून.

जवळपास ५ लाख मुलं ही परीक्षा देतात. अख्खा दिवस पेपर चालतात आणि बहुतेक प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. सोल नॅशनल, कोरिया आणि योन्से या तीन विद्यापीठांत नंबर लागला की नोकरी, प्रतिष्ठा, अगदी लग्नाचं स्थळही सोपं होतं, असा तिथला समज आहे.

मुळ्याच्या रसाचं प्रकरण

परीक्षेआधी मुलांना 'योत' नावाची चिकट मिठाई देतात. ती चिकटते, तसा विद्यार्थीही विद्यापीठाला चिकटावा, ही त्यामागची भावना. याच मिठाईने १९६४ मध्ये मोठा गोंधळ घातला होता.

तेव्हा सोलमध्ये माध्यमिक शाळेत जायलाही प्रवेश परीक्षा होती. त्यात प्रश्न आला, योत बनवताना मोड आणलेल्या धान्याऐवजी काय वापरता येईल? अधिकृत उत्तर होतं डायास्टेज. काही मुलांनी 'मुळ्याचा रस' निवडलं. मुळ्याच्या रसात डायास्टेज असतं, हे त्यांच्याच पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं. तरी उत्तर चूक ठरलं आणि एका मार्काने चांगली शाळा हुकली.

पालक गप्प बसले नाहीत. त्यांनी मुळ्याच्या रसात खरोखर योत शिजवली आणि ती घेऊन शिक्षण खात्याच्या दारात धडकले. प्रकरण कोर्टात गेलं. १९६५ मध्ये कोर्टाने मुलांचं उत्तरही बरोबर ठरवलं आणि ३८ मुलांना प्रवेश मिळाला. पुढे १९६९ पासून ही परीक्षाच बंद व्हायला सुरुवात झाली.

दडपण संपलं नाही, सरकलं

माध्यमिकची परीक्षा गेली तशी चुरस उच्च माध्यमिककडे गेली. १९७४ पासून मोठ्या शहरांत तिथेही सोडत आली, मग सगळा भार विद्यापीठ प्रवेशावर पडला. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. श्रीमंतांच्या घरी त्या चोरून चालूच राहिल्या. २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

आज या क्लासेसना 'हागवॉन' म्हणतात. सोलमध्ये ते रात्री १० नंतर चालवायला मनाई आहे, त्यावरून किती उशिरापर्यंत चालत असत याचा अंदाज येतो. २०२४ मध्ये पालकांनी खासगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन खर्च केले, म्हणजे पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या घरात. त्या वर्षी विद्यार्थी सुमारे ८० हजारांनी घटले होते, तरी खर्च वाढला. आता तर नामांकित इंग्रजी क्लासमध्ये जायला चार आणि सात वर्षांच्या मुलांच्याही चाचण्या होतात.

मग मुलांची कल्पकता मरते का?

इथे उत्तर सरळ नाही. २०२२ च्या पिसा चाचणीत कोरियन मुलांना गणितात ५२७ गुण मिळाले, सरासरी होती ४७२. त्याच वेळी सर्जनशील विचारांचीही चाचणी झाली. त्यात कोरियाला ६० पैकी ३८ गुण मिळाले. पुढे होता ४१ गुणांचा सिंगापूर. म्हणजे कोरियन मुलं कल्पक नाहीत, हे खोटं आहे.

अडचण ती कल्पकता वापरण्याची आहे. शिक्षणतज्ज्ञ ली ह्ये-जंग यांनी सोल नॅशनल विद्यापीठातल्या हुशार विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की सर्वाधिक गुण मिळवणारी बरीच मुलं प्राध्यापकाचा शब्द न् शब्द उतरवून घेतात. स्वतःचं मत वेगळं असलं तरी पेपरात प्राध्यापकाचंच लिहितात, कारण मार्क त्यालाच मिळतात.

याची दुसरी किंमत फार जड आहे. २०११ पासून ९ ते २४ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण आत्महत्या आहे. कारणं अनेक असतात, पण अभ्यासाचा ताण त्यात वारंवार पुढे येतो.

उपाय काय झाले?

२०१६ पासून सगळ्या माध्यमिक शाळांत एक सत्र लेखी परीक्षेविना असतं. त्यात मुलं कला, खेळ, वेगवेगळे व्यवसाय अनुभवतात. २०१९ मध्ये देगू आणि जेजू इथल्या शिक्षण विभागांनी निबंधावर आणि स्वतःच्या युक्तिवादावर भर देणारा आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अभ्यासक्रम कोरियन भाषेत आणायचा करार केला. २०२३ मध्ये सरकारने सुनुंगमधले शाळेत न शिकवलेले अतिअवघड प्रश्न काढायला सांगितले.

पण अनेक पालक परीक्षा नसलेल्या सत्राकडे क्लासमध्ये पुढचा अभ्यास उरकायची संधी म्हणून पाहतात. शेवटी प्रवेश ठरवणारा पेपर तोच आहे, आणि त्यात प्रत्येक प्रश्नाला अजूनही एकच उत्तर बरोबर धरलं जातं.