गोधडीसुद्धा 'लोड' करतात!

आठवडाभर सर्व्हरवर कोड लोड करून कंटाळलेल्या माणसाला परवा एक नवीनच गोष्ट कळली. अमेरिकेत हाताने क्विल्ट शिवणाऱ्या बायकाही क्विल्ट फ्रेमवर 'लोड' करतात. म्हणजे काय, तर ऐका.

आमची आजी गोधडी शिवायची ती जमिनीवर. खाली एक जुनं लुगडं, मध्ये चिंध्या, वर दुसरं लुगडं, आणि कडेकडेने टाके घालत आत यायचं. फ्रेमबिम काही नाही. तिकडची पद्धत वेगळी. दोन लांब दांडे, त्यांवर खिळ्यांनी ठोकलेली जाड कापडाची पट्टी. अस्तराची एक कड एका दांड्याला शिवायची, समोरची दुसऱ्याला, मधोमध खूण करून. खूण चुकली की सगळं तिरकं! मग दोन आडव्या पट्ट्या लावून ताण द्यायचा, वर कापसाचा थर, त्यावर वरचं कापड. दोन्ही बाजूंना बायका बसणार, हात पोचेल तेवढं शिवून झालं की दांडा गुंडाळणार. अस्तर सैल राहिलं तर खालच्या बाजूला चुणी शिवली जाते, आणि वरून काहीच दिसत नाही. (आपल्याकडे यालाच टेस्टिंग न करता रिलीज करणं म्हणतात.)

घरं लहान असली की ही फ्रेम छताला दोरांनी टांगायची. दिवसा खाली, रात्री वर.

या फ्रेमभोवती इतिहासही घडलाय. अलाबामा नदीच्या वळणातलं गीज बेंड हे गुलामांच्या वंशजांचं गाव. नदीपलीकडे कॅम्डेन, म्हणजे तालुक्याचंच ठिकाण म्हणा ना. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर तिथेच जायचं. काळे लोक नोंदणीला जायला लागले, आणि १९६२ मध्ये फेरीबोट बंद झाली! रस्त्याने जायला तासभर. फेरी पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी.

१९६६ मध्ये याच भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. न्यूयॉर्कच्या दुकानांतून मागणी आली, हातात स्वतःचा पैसा आला. पण दुकानांना सगळे नग एकसारखे हवे होते. घरी मनाला येईल तसे तुकडे जोडणाऱ्या बायका इथे ठरलेल्या नमुन्याबरहुकूम शिवायला लागल्या. २०१२ मध्ये संस्था बंद झाली. गंमत म्हणजे २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात गीज बेंडच्या क्विल्ट लागल्या, त्या मात्र घरच्या, मनाप्रमाणे जोडलेल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली.

मग कोणतं शिवणं खरं? मला वाटतं दोन्ही. एकाने घर चाललं, दुसऱ्याने नाव झालं. नाव व्हायला उशीर झाला, एवढंच.

काल आजीची गोधडी काढून उलटी करून पाहिली. एका कोपऱ्यात चुणी शिवली गेलीय. तीस वर्षं अंगावर घेतली, कधी लक्षातच आलं नाही.

असो. चहा गार झाला.