रिकामा युनिव्हॅक आणि क्रिटिकल पाथ

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमपी परीक्षेच्या तयारीला बसलेल्या माणसाच्या वहीत एक चौकट हमखास सापडते. मधे कामाचं नाव. वरच्या कोपऱ्यांत काम लवकरात लवकर कधी सुरू होईल नि संपेल ते, खालच्या कोपऱ्यांत उशिरात उशिरा कधी. अशा आठ-दहा चौकटी बाणांनी जोडायच्या, डावीकडून बेरजा करत जायचं आणि उजवीकडून वजाबाक्या करत परतायचं. वरच्या-खालच्या आकड्यांत फरक उरला तर तो फ्लोट. फरक शून्य असलेल्या कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. क्लासमध्ये हे अनादी काळापासून चालत आल्यासारखं शिकवतात. प्रत्यक्षात या रीतीला जेमतेम सत्तर वर्षं होतायत, आणि तिच्या जन्मामागे तत्त्वज्ञान कमी, व्यवहार जास्त होता.

तिच्या आधीची पिढी आडव्या पट्ट्यांची. कारोल आदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने 1896 मध्येच कामांचा ‘हार्मोनोग्राम’ मांडला होता. प्रत्येक कामाची कागदी पट्टी, आणि तिच्यावर आधीचं काम कुठलं, नंतरचं कुठलं याची नोंद. त्याने तो छापला मात्र 1931 मध्ये, तोही पोलिश भाषेत. तोवर अमेरिकेत हेन्री गँटचे तक्ते पहिल्या महायुद्धातल्या शस्त्रपुरवठ्याच्या हिशेबात वापरून झाले होते, 1922 मध्ये वॉलेस क्लार्कने त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं होतं. नाव गँटचं झालं. गंमत म्हणजे कुठलं काम कुणासाठी अडून आहे हे आदामिएत्स्कीच्या पट्ट्या सांगत होत्या. गँटच्या नावाने जी आडव्या पट्ट्यांची रीत रूढ झाली, तिच्यात नेमकं तेच डोळ्यांत भरत नसे.

ड्यूपाँ या रसायन कंपनीला 1956-57 च्या सुमारास हीच उणीव जाणवत होती. कंपनीकडे युनिव्हॅक हा महागडा संगणक होता आणि त्याला पुरेसं काम नव्हतं. मॉर्गन वॉकरवर त्याचा उपयोग शोधण्याची जबाबदारी आली. कारखाना बांधताना किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवताना शेकडो कामांची जुळवाजुळव हे यंत्र करेल का, हा त्याचा प्रश्न. संगणक पुरवणाऱ्या रेमिंग्टन रँडने जेम्स केली हा गणिती दिला.

त्यांनी काय केलं ते एका छोट्या उदाहरणात पाहू. आकडे माझे आहेत. कारखान्यातली एक टाकी दुरुस्तीसाठी बंद केली. ती थंड व्हायला 8 तास. मग पाइप उतरवायला 6 आणि आतून साफसफाईला 9. टाकी थंड झाल्यावर शेजारची मोटरही उघडता येते, तिच्या दुरुस्तीला 10. दोन्हीकडचं आटोपलं की चाचणीला 5. टाकीच्या वाटेने बेरीज 28 तास, मोटरच्या वाटेने 23. म्हणजे मोटरवाला पाच तास रेंगाळला तरी उत्पादनाचं काही बिघडत नाही. सहाव्या तासाला बिघडतं. साफसफाईत मात्र पहिल्याच तासाचा उशीर थेट उत्पादनाच्या मुळावर. ओव्हरटाइम द्यायचाच तर साफसफाईवाल्यांना द्या, मोटरवाल्यांवर ओरडून उपयोग नाही.

तोवर दुरुस्ती लांबली की सरसकट सगळ्यांनाच जादा तास लावायची पद्धत होती. ड्यूपाँच्या लुईव्हिल इथल्या कारखान्यात ही नवी रीत लावल्यावर बंद राहण्याची सरासरी 125 तासांवरून 93 वर आली. केली आणि वॉकर यांनी 1959 मध्ये हे सगळं निबंधात मांडलं. त्यांना मुळात रस होता तो किती पैसे ओतले तर किती वेळ वाचतो, या गणितात. परीक्षेत ‘क्रॅशिंग’ म्हणून दोन गुणांपुरतं उरलंय ते हेच.

त्याच सुमारास अमेरिकी नौदलात दुसरं भावंड जन्मलं: पर्ट. पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी रेअर अ‍ॅडमिरल रेबॉर्न यांच्या कार्यालयाने 1958 मध्ये सल्लागार कंपनी बूझ अ‍ॅलनला हाताशी धरून ते घडवलं. ड्यूपाँला दुरुस्तीचे तास अनुभवाने ठाऊक होते. इथे कुणी कधी न केलेली कामं. म्हणून प्रत्येक कामाचे तीन अंदाज: आशावादी, बहुधा लागेल तो आणि निराशावादी. मधल्याला चारने गुणा, तिघांची बेरीज करा, सहाने भागा. 4, 6 आणि 14 दिवस असतील तर उत्तर 7. उमेदवार हे झोपेतही सांगतो. या सूत्रामागचं बीटा वितरण निवडणाऱ्या चार्ल्स क्लार्कने मात्र 1962 मध्ये सरळ लिहून टाकलं होतं, की कामांचा वेळ खरोखर कसा विखुरतो याची आपल्याकडे माहिती नाही. गणिताला काहीतरी साचा लागतो आणि हा सोयीचा आहे. इतकी प्रांजळ कबुली गाइडांत कुठे सापडायची!

पर्टची कीर्ती मात्र अफाट झाली. पोलारिस वेळेआधी तयार झालं, 1960 मध्ये पाणबुडीतून डागलंही गेलं, आणि श्रेय तक्त्यांना मिळालं. हार्वी सपोल्स्की या अभ्यासकाने 1972 च्या आपल्या पुस्तकात या कीर्तीची हवा काढली. क्षेपणास्त्र बनवण्यात पर्टचा हातभार थोडाच होता. बाहेरच्यांनी नाक खुपसू नये म्हणून ते फार कामी आलं, असा त्याचा निष्कर्ष. स्टेटस मीटिंगसाठी रंगीत डॅशबोर्ड सजवणाऱ्या हिंजवडीतल्या कुणाला हे वाचून हसू आलं तर नवल नाही.

वहीतली चौकट यानंतरची. केली-वॉकरांच्या आकृतीत काम म्हणजे बाण होता आणि गणित यंत्रावर. स्टॅनफर्डच्या जॉन फोंडाल यांनी 1961 मध्ये बांधकाम ठेकेदारांसाठी संगणकाशिवाय करायची रीत मांडली: काम गोलात लिहा, गोल रेषांनी जोडा, बेरजा हाताने करा. त्या अभ्यासाचा खर्चही नौदलानेच उचलला होता. गोलाची पुढे चौकट झाली.

मग सरकारी शिक्के बसत गेले. कामाची फोड करणारं डब्ल्यूबीएस 1962 च्या, पर्टला खर्चाचा हिशेब जोडणाऱ्या पर्ट-कॉस्टमधून आलं, झालेल्या कामाचं मोल मोजणारी अर्न्ड व्हॅल्यू 1967 च्या संरक्षण खात्याच्या निकषांतून. पीएमपी परीक्षा घेणारी संस्था पीएमआय 1969 मध्ये स्थापन झाली, पीएमपीची पहिली परीक्षा 1984 मध्ये झाली, संस्थेच्या पीएमबॉक गाइडची पहिली आवृत्ती 1996 मध्ये आली. कारखाना, पाणबुडी आणि ठेकेदार यांची तीन वेगळी गाऱ्हाणी तोवर एकाच अनुक्रमणिकेत गुण्यागोविंदाने नांदू लागली होती. आपल्याकडे सिव्हिलच्या मुलांनी हेच पुनमियांच्या पुस्तकातून गिरवलं. त्यातले काही आयटीत गेले आणि चाळिशीत पीएमपीसाठी तेच पुन्हा घोकू लागले.

2021 च्या जानेवारीत परीक्षेचा साचा बदलला. 180 प्रश्न, 230 मिनिटं, आणि निम्म्याच्या आसपास भाग अ‍ॅजाइल किंवा मिश्र पद्धतींचा. आकडेमोड आक्रसली, टीममधल्या दोघांचं पटत नसेल तर आधी काय कराल, असे प्रश्न वाढले. कारण आपल्या उदाहरणातल्या मोटरवाल्याला त्याचे पाच तास कुणी कळवायचे, आणि कळवल्यावर तो ते वापरून टाकणार नाही कशावरून, हे कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या पीएमबॉकच्या सातव्या आवृत्तीने प्रक्रियांची जुनी जंत्री बाजूला सारून बारा तत्त्वं पुढे केली. तरी बरेच उमेदवार टेबलावर सहावी आवृत्तीही ठेवतात, कारण फ्लोट कसा काढायचा ते तिच्यात सविस्तर आहे.