भिंत नसलेला तुरुंग

तुरुंगात गेलेल्या माणसाबद्दल आपण दोन प्रश्न हमखास विचारतो. काय केलं होतं त्यानं? आणि किती वर्षांची लागली? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्याच्या घरी कोण कोण आहे, आणि आता ती माणसं त्याच्याशी बोलतात कशी?

शिक्षा एकाला होते, पण गज दोन्ही बाजूंनी असतात. आत गेलेल्या माणसाला घर दिसत नाही आणि घराला तो दिसत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या तुरुंगांचा इतिहास पत्रं, मुलाखती आणि रजा यांच्या अंगानं वाचला, तर तो नेहमीपेक्षा वेगळा दिसतो.

इंग्रजांनी १८९४ साली तुरुंगांचा कायदा केला. स्वतंत्र भारतातही कितीतरी दशकं कारभार त्याच्याच चौकटीत चालला. त्या व्यवस्थेत पत्र आणि मुलाखत या गोष्टी हक्कापेक्षा सवलतीसारख्या होत्या. नीट वागलात तर मिळतील, नाहीतर बंद. पत्र आधी अधिकारी वाचणार, मगच ते बाहेर जाणार किंवा आत येणार. लोकमान्य टिळक मंडालेत असताना, जून १९१२ मध्ये, पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. ती बातमी टिळकांना तारेनं कळली. त्यांची सुटका व्हायला अजून दोन वर्षं होती. 'गीतारहस्य' मंडालेत लिहिलं गेलं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याच काळातली ही तार मात्र क्वचितच कुणाला आठवते.

राजकीय कैद्यांनी या अडचणीतूनही वाटा काढल्या. १९३० साली येरवड्यात असताना गांधीजी दर आठवड्याला साबरमतीच्या आश्रमाला पत्र पाठवत. त्यात आश्रमाच्या एकेका व्रतावर विवेचन असे. तुरुंगाला ते 'येरवडा मंदिर' म्हणत. पुढे १९३२ मध्ये वल्लभभाई पटेल त्यांच्यासोबत तिथेच होते. महादेवभाई देसाईंच्या डायरीत वल्लभभाईंच्या एका उद्योगाची नोंद आहे. ते रद्दी कागदाची पाकिटं तयार करत. पुढे देशाचा गृहमंत्री झालेला माणूस तुरुंगात बसून लिफाफे चिकटवत होता.

त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी वर्ग भरत असे. विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. १८ अध्याय, १८ प्रवचनं. २१ फेब्रुवारीला सुरू झालेला हा क्रम १९ जूनला पुरा झाला. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं तयार झालं. पुढच्या वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. बाहेरच्या कुणालाही भेटता येत नसताना माणूस आईच्या आठवणी लिहितो, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

पण इथे थोडं थांबायला हवं. ही सगळी लिहिता-वाचता येणारी माणसं होती. आपण तुरुंगात का आहोत हे त्यांना ठाऊक होतं, बाहेर त्यांची वाट पाहणारे हजारो लोक होते, आणि सुटून आल्यावर त्यांच्या गळ्यात हार पडणार होते. त्याच तुरुंगांतल्या बाकीच्या बराकींत खून, दरोडे, चोऱ्या या गुन्ह्यांचे कैदी होते. त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःचं पत्र लिहिता येत नव्हतं, आणि घरी आलेलं पत्र वाचणारंही कुणी नसे. भेटीला यायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. अशा कैद्याचं काय करायचं?

या प्रश्नाचं एक वेगळंच उत्तर सापडलं ते औंध संस्थानात. औंध म्हणजे ७२ गावांचं छोटंसं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. १९३८-३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवायला सुरुवात केली. यात राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या सोबतीला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर होता. तो गांधींच्या वर्तुळात 'भारतानंद' या नावानं ओळखला जाई. (याच फ्रीडमननं पुढे मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत आणले.) कैद्यांना कोठडीत न डांबता मोकळ्या जमिनीवर वसवावं, ही कल्पना त्याची मानली जाते.

१९३९ मध्ये आटपाडीजवळच्या माळावर ही वसाहत उभी राहिली. तिचं नाव स्वतंत्रपूर. तिला भिंत नव्हती. शिक्षा झालेल्या माणसांनी शेती करायची, पिकवायचं आणि रात्री तिथेच राहायचं. पण स्वतंत्रपूरचं खरं वेगळेपण भिंत नसण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे. तिथे कैद्याला आपलं कुटुंब सोबत ठेवता येतं. म्हणजे मुलाखतीच्या दिवसाची वाट पाहायची नाही आणि जाळीपलीकडून ओरडून बोलायचं नाही. बायको-मुलं त्याच घरात.

१९५७ साली व्ही. शांताराम यांनी या प्रयोगावर 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची. ते मूळचे याच आटपाडी परिसरातले. सिनेमात सहा खुनी कैदी आहेत आणि त्यांना बांधून ठेवतात जेलरचे दोन डोळे. सिनेमाला हे शोभतं, कारण सिनेमाला नायक लागतो. स्वतंत्रपूर मात्र दशकानुदशकं चालत राहिलं, आणि एका जेलरच्या नजरेवर एवढा काळ काही चालत नाही. पळायला चारी दिशा मोकळ्या असतानाही माणूस पळत नाही, कारण घर तिथेच असतं. पळून जायचं तर कुणाकडे?

पुढे राज्यात इतरत्रही खुली कारागृहं निघाली. १९५९ च्या नियमांनी फर्लो आणि पॅरोल, म्हणजे संचित रजा आणि अभिवचन रजा, यांची घडी बसवली. शिक्षा संपेपर्यंत घराशी नातं तुटू नये, हा त्यामागचा हेतू. अलीकडच्या काळात काही कारागृहांत 'गळाभेट' हा उपक्रम होतो. त्या दिवशी मधली जाळी नसते आणि कैद्याला आपल्या मुलांना जवळ घेता येतं. एरवी मुलाला मिठी मारायची तर बापाला सरकारी उपक्रमाची वाट पाहावी लागते.

आणि यातलं बरंचसं मिळतं ते फक्त पक्क्या कैद्यांना. खुलं कारागृह असो की फर्लो, आधी शिक्षा व्हावी लागते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, आणि त्यांतली ७५.८ टक्के कच्चे कैदी. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याला रजेवर घरी जाण्याची वाट आहे, आणि ज्याचा व्हायचाय त्याला जामीन नाही मिळाला तर ती नाही. गरिबाचा जामीन कितीदा तरी केवळ जामीनदार न मिळाल्यानं अडतो. मग उरते ती मुलाखत, फोन आणि कोर्टाच्या तारखेला गाडीतून उतरताना झालेली नजरानजर.

२०२० मध्ये कोरोनामुळे मुलाखती बंद झाल्या, तेव्हा तुरुंगांत व्हिडिओ कॉल आले. साथ ओसरली, पण ही सोय राहिली. लांबच्या गावातल्या म्हाताऱ्या आईला आता एसटीचं भाडं काढून शहरात यावं लागत नाही, शेजारच्या पोराचा स्मार्टफोन पुरतो. हे चांगलंच झालं. पण ही मिनिटं अजूनही मोजून मिळतात, आणि ती कापली जाण्याची भीतीही तशीच आहे. १८९४ मधली सवलत स्क्रीनवर आली तरी सवलतच राहिली. औंधासारख्या एवढ्याशा संस्थानाला १९३९ मध्येच कळलं होतं की माणूस सुधारायचा असेल तर त्याचं घर त्याच्यापासून तोडून चालत नाही. आपल्याला ते कळायला अजून किती वर्षं लागणार, एवढाच प्रश्न आहे. तोवर आतला माणूस फोनच्या रांगेत उभा राहील, आणि बाहेर कुणीतरी फोन चार्ज करून हाताशी ठेवील.